एसी दुरुस्तीचं बिल: पैसे नेमके कशाचे जातात?

आमच्या बेडरूमच्या एसीत सलग तीन उन्हाळे गॅस भरला. दर वेळी वेगळा माणूस आला, गेज लावला, "गॅस कमी झालाय" म्हणाला आणि अर्ध्या तासात भरून गेला. चौथ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने बॅग उघडायच्या आधी आउटडोअर युनिटच्या बाजूचा पितळी नट बोटाने पुसला आणि बोट माझ्यासमोर धरलं. तेलकट होतं. "गॅस इथून जातोय. तिन्ही वर्षं इथूनच गेला असणार." त्याने नट सोडवला, पाइपचं तोंड कापून नवं केलं, नायट्रोजन भरून तपासलं, व्हॅक्युम काढला आणि मग गॅस भरला. त्याला तीन तास लागले. बिल आधीच्या कुठल्याही बिलापेक्षा मोठं होतं, पण त्या तिघांच्या बेरजेपेक्षा बरंच कमी. आणि त्यानंतर त्या एसीला गॅस लागलेला नाही.

तेव्हापासून मी "किती घ्याल?" हा प्रश्न दुसरा विचारतो. पहिला प्रश्न "कशामुळे झालं?" हा. खाली लिहिलंय ते घरगुती स्प्लिट एसीसाठी आहे. विंडो एसीलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

बिलात काय काय दडलेलं असतं

कुठल्याही दुरुस्तीच्या आकड्यात पाच-सहा गोष्टी मिसळलेल्या असतात: घरी येऊन तपासण्याचे पैसे, सुटा भाग, मजुरी, गॅस, युनिटपर्यंत पोचण्याचा खर्च आणि काम झाल्यावरची तपासणी. पहिली रक्कम जवळपास ठरलेली असते. काम दिलं तर ती बिलातून वजा होणार की नाही, हे फोनवरच विचारून घ्या. सुट्या भागाची किंमत बाजारात पडताळून बघता येते. फरक पडतो तो मजुरी, गॅस आणि पोचण्याच्या खर्चात, आणि नेमक्या याच तीन गोष्टी बहुतेक बिलांवर एका ओळीत गुंडाळलेल्या असतात. तपासणीची ओळ तर कित्येकदा नसतेच, कारण तपासणीच केलेली नसते.

फोन करण्याआधी घरीच बघायच्या गोष्टी

आधी रिमोट. ऐकून हसू येईल, पण मोड 'ड्राय' किंवा 'फॅन'वर गेलेला असणं हे कूलिंग नसण्याचं खरंखुरं कारण असतं, आणि त्यासाठीही तपासणीचे पैसे द्यावे लागतात. मग फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर धुवा, सुकवा, लावा आणि तासभर चालवून बघा. आउटडोअरसमोर वाळत घातलेली चादर, कुंड्या, कबुतरांचं घरटं असलं काही आहे का तेही पाहा. एमसीबी एकदा पडला असेल तर पुन्हा चढवून बघायला हरकत नाही. लगेच परत पडला तर मात्र चढवत बसू नका, कारण आत शॉर्ट असू शकतो.

इनडोअरच्या कॉइलवर (पातळ पात्यांतून गेलेल्या नळ्यांच्या संचावर) बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. बर्फाची मुख्य कारणं दोन: कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही किंवा गॅस कमी आहे. पहिलं कारण फिल्टर धुऊन सुटू शकतं. बर्फ तसाच असताना मेकॅनिकला बोलावलं तर त्याला काही मोजता येत नाही, आणि त्याची ती फेरी तुमच्या खिशातून जाते.

मग थर्मामीटर. साधा डिजिटल चालेल. एसी सर्वांत कमी तापमानावर ठेवा, पंखा जोरात, दारं-खिडक्या बंद. पंधरा-वीस मिनिटांनी इनडोअरच्या वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल तर मशीन त्याचं काम करतंय. खोली थंड होत नसेल तर दोष ऊन, गळकी खिडकी किंवा अपुऱ्या टनेजचा. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू प्रति तास, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता. पश्चिमेच्या काचेतून त्याहून जास्त उष्णता आत येत असेल तर कितीही गॅस भरा, खोली तापलेलीच राहणार. हवा फार दमट असेल तर हा फरक थोडा कमी दिसतो, तेवढं गृहीत धरा.

शेवटी दोन फोटो काढा. एक इनडोअरवरच्या एरर कोडचा (कोडऐवजी दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजा), दुसरा आउटडोअरच्या नेम प्लेटचा. त्या पट्टीवर मॉडेल, गॅसचा प्रकार आणि कारखान्यात किती ग्रॅम गॅस भरला ते लिहिलेलं असतं. हे फोटो आधी पाठवले तर मेकॅनिक बरोबर भाग घेऊन येतो आणि दुसरी फेरी टळते.

पॅनेल उघडून आत हात घालू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका चार्ज राहू शकतो.

लक्षणावरून खर्चाचा अंदाज

सगळ्यांत स्वस्त दुखणं म्हणजे इनडोअरमधून पाणी टपकणं. बहुतेकदा ड्रेन पाइपमध्ये शेवाळ आणि धूळ तुंबलेली असते. पाइप साफ केला, उतार नीट केला की काम संपलं. याच लक्षणावर कोणी "गॅस भरावा लागेल" म्हणाला तर कॉइलवर बर्फ दाखवायला सांगा. गॅस कमी झाल्यामुळे बर्फ जमून, तो वितळून पाणी गळू शकतं हे खरं आहे, पण मग बर्फ दिसायला हवा.

आउटडोअर 'हम्म' असा आवाज करतं, सुरू होत नाही आणि थोड्या वेळाने 'टक' करून गप्प बसतं. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनमध्ये पहिला संशय कपॅसिटरवर. सिंगल फेजच्या मोटरला सुरू व्हायला जो वेळेत थोडा पुढे-मागे सरकवलेला विजेचा धक्का लागतो तो कपॅसिटर देतो. उष्णतेने तो हळूहळू कमजोर होतो. त्यावर मायक्रोफॅरडमध्ये आकडा छापलेला असतो, सोबत बहुधा अधिक-उणे ५ टक्के अशी मर्यादा. मीटर लावून आकडा बघायला मिनिट लागतं, तो तुमच्यासमोर बघायला सांगा. संपूर्ण एसीच्या तुलनेत हा भाग अगदी किरकोळ किमतीचा, पण याच लक्षणावर "कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला" असं निदान ऐकलेली माणसं मला भेटली आहेत.

कूलिंग सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतं, तासाभराने परत सुरू होतं, असं असेल तर आउटडोअरचा पंखा फिरतोय का ते लांबून बघा. पंखा बंद असेल तर कंप्रेसर तापून संरक्षणासाठी स्वतःला बंद करून घेतो. खर्च पंख्याच्या मोटरचा किंवा तिच्या छोट्या कपॅसिटरचा. हे दिवसेंदिवस तसंच चालवलं तर खर्च कंप्रेसरचा.

इन्व्हर्टर एसीत गोष्ट वेगळी असते. तिथे कंप्रेसरचा वेग पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, ठरवते आणि पीसीबी सेन्सरवर विसंबून असते. हे सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे थर्मिस्टर, दिसायला तांदळाच्या दाण्याएवढे आणि किमतीने नगण्य. सेन्सर चुकला की पीसीबीला खोली थंड झाल्यासारखी वाटते आणि ती कंप्रेसर बंद करते. त्यामुळे पीसीबी बदलायचा सल्ला मिळाला तर "सेन्सरचा रोध मोजला का?" हे विचाराच. पीसीबी खरंच गेली असेल तर दोन वाटा आहेत: अख्खी नवी, किंवा जळालेला घटक बदलून तीच दुरुस्त. दुसरी वाट बरीच स्वस्त पडते, पण पीसीबी कशाने जळली ते कळल्यावरच. आत पाल शिरून शॉर्ट झाला असेल तर दुरुस्ती टिकते. आउटडोअरच्या मोटरमध्ये दोष असेल तर नवी पीसीबीही आठवड्यात जाईल.

गॅस: जिथे सर्वाधिक पैसे वाया जातात

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो: आत उष्णता घेऊन वाफ होतो, बाहेर उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो. मशीन धडधाकट असेल तर कारखान्यात भरलेला गॅस त्याच्या आयुष्यभर पुरतो. कमी झालाय याचा अर्थ एकच, कुठूनतरी गळतोय. "दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो" हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलत नाही, मेकॅनिक बदलतो.

योग्य काम या क्रमाने होतं. आधी गळती शोधायची. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. तेल दिसलं नाही तर नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात आणि दाब टिकतो का बघतात. नायट्रोजनऐवजी टायरमध्ये भरतात तशी साधी हवा भरणारा माणूस दिसला तर त्याला तिथेच थांबवा. हवेत ओलावा असतो, आणि ऑक्सिजन तेलाबरोबर दाबाखाली स्फोटक ठरू शकतो.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्युम. आर-४१०ए आणि आर-३२ गॅसच्या मशीनमधलं कृत्रिम तेल ओलावा अधाशासारखं शोषतं, आणि तेलात ओलावा शिरला की आम्ल तयार होऊन कंप्रेसरची वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) खराब होते. व्हॅक्युम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा दोन्ही बाहेर जातात. चांगला मेकॅनिक ५०० मायक्रॉनपर्यंत (हे नळ्यांत उरलेल्या दाबाचं माप) व्हॅक्युम काढून पंप बंद करतो आणि काटा वर चढतो का ते काही मिनिटं बघतो. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, यावरून ५०० म्हणजे किती ते कळेल. पंप किमान वीस-तीस मिनिटं तरी चालला पाहिजे. काही जण पंप आणतच नाहीत. थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलतात. त्यामुळे त्यांचं बिल कमी येतं आणि तुमच्या कंप्रेसरचं आयुष्यही.

मग गॅस, आणि तो वजनावर. नेम प्लेटवरचा ग्रॅमचा आकडा आणि पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे दर मीटरला थोडे वाढीव ग्रॅम, एवढा हिशोब. नुसत्या गेजच्या दाबावर भरलेला गॅस अंदाजे असतो, कारण दाब बाहेरच्या तापमानाबरोबर बदलतो. जास्त भरणंही वाईट. कूलिंग घटतं, विजेचा भार वाढतो. म्हणून वजनकाटा आणलाय का हे विचारायचंच.

गॅसचा प्रकारही बिल बदलतो. जुन्या मशीनमधला आर-२२ ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभरातून हद्दपार होत आहे. विकसित देशांसाठी २०२० आणि विकसनशील देशांसाठी २०३० ही त्याची मुख्य मुदत. मिळेनासा होत चाललेला गॅस स्वस्त कसा राहील? आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण. ओझोनला ते निर्धोक, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट. आर-३२ ची साधारण ६७५ पट. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसवर टप्प्याटप्प्याने कपात आणली, त्यामुळे अनेक नवी मशीन आर-३२ वर किंवा आर-२९० वर, म्हणजे प्रोपेनवर आली आहेत. आर-३२ मंद ज्वलनशील, प्रोपेन चांगलाच ज्वलनशील. नळीत गॅस असताना झाळकामाची ज्योत लावणं इथे जिवावर बेतू शकतं. या मशीनसाठी वेगळी साधनं आणि प्रशिक्षण लागतं, त्याचे थोडे जास्त पैसे द्यायला कुरकुर करू नका. एका प्रकारच्या मशीनमध्ये दुसरा गॅस "चालतो" म्हणणाऱ्याला मात्र दार दाखवा. तेल, दाब, सगळंच वेगळं असतं.

तीच दुरुस्ती इथे स्वस्त, तिथे महाग

एकच बिघाड, एकच मॉडेल, तरी दोन ठिकाणचे आकडे वेगळे येतात. त्यात फसवणूक असतेच असं नाही.

सर्वांत मोठा हात हवेचा. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना खातं, आणि तांबं-अॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे खाऱ्या ओलाव्यात गंज जास्त वेगाने चालतो. उघड्या गटाराजवळ किंवा सांडपाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या नळ्या काळ्या पाडतो आणि पीसीबीवरच्या जोडांनाही सोडत नाही. घरातली हवाही निर्दोष नसते. नवं प्लायवूड, रंग, चिकटवण्याचे पदार्थ यांतून फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाची वाफ निघते आणि ओल्या तांब्यात वारुळासारखी आडवीतिडवी सूक्ष्म बिळं पाडते. वर्षभरापूर्वी नवं फर्निचर झालेल्या खोलीत इनडोअर कॉइल गळायला लागली तर हे कारण डोक्यात ठेवा. अशा कॉइलला एका जागी झाळून उपयोग नाही. महिन्याभरात शेजारचं बीळ उघडतं. तिथे पूर्ण कॉइल बदलण्याचा महाग सल्लाच शेवटी स्वस्त पडतो.

दुसरं, पोचण्याची सोय. उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, उभं राहायला जागा नसलेल्या ठिकाणी आउटडोअर टांगलेलं असेल तर दोन माणसं, सेफ्टी बेल्ट, दोर किंवा शिडी लागते. किरकोळ किमतीच्या कपॅसिटरसाठी त्याच्या कितीतरी पट पैसे नुसते तिथवर पोचायचे द्यावे लागतात. पाइप भिंतीत गाडलेले असतील तर गळती शोधायला भिंत फोडणं आलं. याचं उत्तर दुरुस्तीच्या दिवशी सापडत नाही, एसी बसवण्याच्या दिवशी सापडतं.

वीज कमी-जास्त होणाऱ्या भागात पीसीबी आणि कंप्रेसर लवकर जातात. व्होल्टेज घसरलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. आणि ऋतू तर आहेच. उकाड्याच्या ऐन तडाख्यात मेकॅनिक मिळणंच मुश्कील, मिळाला तर घाईत असतो, आणि घाईत व्हॅक्युमची वीस मिनिटं सगळ्यात आधी गळतात. उन्हाळा लागायच्या महिनाभर आधी एसी चालवून बघा.

काम देण्यापूर्वी

मोठं काम असेल तर दोन ठिकाणी विचारा, पण दोघांना एकच काम सांगा. "गॅस भरणे" आणि "गळती काढून, नायट्रोजनने तपासून, व्हॅक्युम काढून, वजनावर गॅस भरणे" यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. कोटेशनवर गळतीची जागा, गॅसचा प्रकार आणि ग्रॅम, बदलायच्या भागाचं नाव, भाग कंपनीचा की बाहेरचा, पोचण्याचा खर्च वेगळा, आणि केलेल्या कामाची हमी किती दिवसांची हे लिहून घ्या. जुना भाग परत मागा. मागणार आहोत हे आधीच सांगितलं तर भाग जरा विचार करून बदलला जातो.

वॉरंटीचं कार्ड शोधा. कंप्रेसरची वॉरंटी पुष्कळ वर्षांची असते, पण बहुतेकदा ती फक्त त्या भागापुरती. गॅस, झाळकाम, वाहतूक, मजुरी तुमची. "कंप्रेसर फुकट" ऐकून निश्चिंत झालेल्या माणसाला उरलेलं बिल बघून धक्का बसतो. वॉरंटी चालू असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच कळवा. दुसऱ्याने मशीन उघडलं की दावा अडकू शकतो.

कंप्रेसर गेला म्हणाले तर

आधी पुरावा मागा. बिगर-इन्व्हर्टर कंप्रेसरला तीन टर्मिनल असतात. मीटरने तिघांमधले रोध मोजले तर सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. इन्व्हर्टर कंप्रेसरमध्ये तिन्ही आकडे जवळपास सारखे असतात. कुठलंही टर्मिनल कंप्रेसरच्या लोखंडी अंगाशी जोडलेलं दिसलं तर वाइंडिंग गेली. हे सगळं तुमच्यासमोर पाच मिनिटांत होतं. कंप्रेसर गरम असेल तर आधी थंड होऊ द्या. तापल्यामुळे आतलं संरक्षण उघडलेलं असताना तो उगाच मेलेला दिसतो.

खरंच गेला असेल तर का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. वाइंडिंग जळाली असेल तर तेलात आम्ल पसरलेलं असतं. नळ्या धुऊन, ओलावा टिपणारा फिल्टर ड्रायर बदलूनच नवा लावायचा, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, याला माझा ढोबळ नियम असा: मशीन दहा वर्षांच्या पुढे गेलं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर निरोप द्या. आर-२२ वर चालत असेल आणि कॉइल गळत असेल तर निम्म्यापर्यंतही थांबू नका. पण चार-पाच वर्षांच्या मशीनची पीसीबी गेली म्हणून अख्खा एसी बदलायला लावणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो. नव्याच्या किमतीत जुना काढणं, नवे पाइप आणि बसवणं धरायला विसरू नका. ते धरलं की कित्येकदा पारडं दुरुस्तीकडे झुकतं.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी अर्धा तास एसी चालवा आणि थर्मामीटरने तोच फरक पुन्हा मोजा. क्लॅम्प मीटर असेल तर आउटडोअरचा करंट नेम प्लेटशी ताडून बघायला सांगा. आणि मार्कर हातात द्या. आमच्या आउटडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला त्या चौथ्या मेकॅनिकने तारीख, भरलेले ग्रॅम आणि कपॅसिटरचा आकडा लिहून ठेवलाय, खाली बाण काढून: "हा नट बदलला."